टेलिफोटो लेन्ससाठी घरच्या घरी कॅमो कव्हर, आपल्या माळरानाच्या रंगाचं

मोठी टेलिफोटो लेन्स घेतली की पुढचे खर्च रांगेत उभे राहतात, बॅग, मोनोपॉड आणि मग कॅमो कव्हर, म्हणजे लेन्स आजूबाजूच्या रंगात लपवणारी खोळ. रेडिमेड कव्हर चांगली असतात, निओप्रीनची (रबरासारखं मऊ, ताणलं जाणारं कापड), मापात कापलेली, पण काही हजार रुपये जातात आणि माझा खरा आक्षेप किमतीवर नाहीचे, रंगावर आहे. बाजारातली बरीचशी छपाई परदेशातल्या दाट जंगलांसाठी बनलेली असते, गडद हिरवी, मध्येमध्ये जवळजवळ काळी. तेच कव्हर घेऊन जानेवारीत सासवड-सुप्याच्या माळावर धाविक किंवा चंडोल अशा पक्ष्यांच्या फोटोसाठी पालथं पडलात तर वाळलेल्या पिवळ्या गवतात तुमची लेन्स एक काळा ठोकळा दिसते, कव्हर नसताना दिसायची तशीच. म्हणून सांगतोय की स्वतः बनवा, शिवण फार येत नसली तरी जमतं, कामाला दोन सुट्टीचे दिवस पुरतात, वाळवायचा वेळ वेगळा.

आधी हे कव्हर नेमकं काय करतं ते समजून घ्या म्हणजे मेहनत योग्य जागी होईल. पक्षी सगळ्यात आधी हालचालीला उडतात, मग आवाजाला, मग चमकेला आणि सरळ कडांच्या मोठ्या आकाराला. पहिल्या दोन गोष्टी तुमच्या हातात, कव्हर फक्त शेवटच्या दोन सांभाळतं. म्हणजे लेन्सच्या रंगावरची चकाकी मारायची आणि तो लांब सिलिंडरसारखा आकार तोडायचा, बास. शिवाय एक फायदा असा की भिगवणला होडीच्या काठावर लेन्स टेकवताना किंवा जिप्सीच्या लोखंडी दांड्यावर ठेवताना ओरखडे येत नाहीत, आणि पुढे लेन्स विकायची वेळ आली की बॉडी कोरी दिसते. मला विचाराल तर निम्मं कारण हेच आहे.

एक गोष्ट इथेच बोलून टाकतो. कव्हर लावलं म्हणून घरट्याजवळ जायचं लायसन्स मिळत नाही. सिंहगड व्हॅलीत स्वर्गीय नर्तकाच्या घरट्यासमोर कॅमोतली माणसं गर्दी करून बसली तर त्या पक्ष्याला कॅमोने काहीच फरक पडत नाही, त्याला माणसं दिसतातच. अंतर ठेवायचं, टेलिफोटो त्यासाठीच घेतलीये.

रंग ठरवणं

आपल्याकडे जमीन वर्षातून दोनदा कपडे बदलते. जुलै ते ऑक्टोबर सगळं हिरवंगार, दिवाळीनंतर माळ पिवळा पडायला लागतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत खाकी, तपकिरी, राखाडी. पक्षी बघणाऱ्यांचा मुख्य सीझन हिवाळ्याचा, स्थलांतरित पक्षी तेव्हाच येतात, म्हणून पहिलं कव्हर वाळक्या गवताच्या रंगाचं करा. तुम्ही जास्त करून कोकणात किंवा सह्याद्रीच्या घाटातल्या सदाहरित जंगलात फिरत असाल तर मात्र गडद हिरवा आणि मातकट तपकिरी बरोबर. ताडोबाला उन्हाळ्यात जाणार असाल तर फिकाच रंग घ्या, चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि काही कंपन्या मोठ्या लेन्स पांढऱ्या रंगवतात त्या ऊन परतवायला, त्यावर काळपट कव्हर चढवलं तर त्या पांढऱ्या रंगाचा उपयोगच संपला.

रंगाबद्दल अजून एक. चितळ, सांबर, चिंकारा यांना लाल-केशरी आणि हिरवा यातला फरक आपल्यासारखा कळत नाही, त्यांच्यासाठी रंगापेक्षा फिकट-गडद काय आहे ते महत्त्वाचं. पक्ष्यांचं उलट आहे, त्यांना आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात, बऱ्याच पक्ष्यांना अतिनील सुद्धा. आता गंमत बघा, कपडे पांढरेशुभ्र करणाऱ्या डिटर्जंटमध्ये जे उजळ करणारं रसायन असतं ते अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतं, म्हणजे तुम्हाला खाकी दिसणारं कापड पक्ष्याला उजळलेलं दिसू शकतं. म्हणून कापड साध्या साबणाने धुवायचं, आणि ब्लीच केलेलं पांढरंफेक कापड घेऊन रंगवायचं नाही.

आणि लष्करी छपाई टाळा. भारतीय लष्कराचा नवा डिजिटल पॅटर्न २०२२च्या सैन्यदिनाला पहिल्यांदा दिसला आणि त्याचे हक्क लष्कराने नोंदवून घेतलेत. तसं दिसणारं कापड घेऊन अभयारण्याच्या गेटवर नाहीतर विमानतळावर उगाच प्रश्नोत्तरं कशाला. पानांची छपाई किंवा आपण स्वतः मारलेले डाग, दोन्ही चालतात.

सामान

कापडासाठी माझी पसंती कोऱ्या मांजरपाटाला. ब्लीच केलेला नसतो, मॅट असतो, घासला तरी आवाज करत नाही आणि रंग छान पितो. एक मीटर घेतलंत तर एका लेन्सला भरपूर होतं. नायलॉन किंवा रेनकोटचं कापड कितीही सुंदर कॅमो छापलेलं असलं तरी घेऊ नका, ते खसखसतं आणि उन्हात चमकतं.

अस्तरासाठी २ मिलिमीटरची ईव्हीए फोम शीट, स्टेशनरीच्या किंवा क्राफ्टच्या दुकानात मिळते. सोफ्यातला स्पंज नको, तो पाणी धरून ठेवतो. ईव्हीए पाणी पीत नाही. निओप्रीन हवंच असेल तर वेगळं शोधत बसायची गरज नाही, जुनं लॅपटॉपचं स्लीव्ह बहुतेक वेळा निओप्रीनचं असतं, आणि मेडिकलमध्ये गुडघ्याला लावायची नीकॅप मिळते तीही निओप्रीनची बघून घेता येते, ती तर आयतीच नळीसारखी असते.

बाकी: एक इंची व्हेल्क्रो, अर्धा इंची इलॅस्टिक, पॉलिस्टरचा दोरा (सुती दोरा घामाने आणि ओलीने कुजतो), १६ नंबरची सुई, इंच टेप, खडू, टाचण्या, जुनी वर्तमानपत्रं, मास्किंग टेप, फेविबॉण्डची छोटी ट्यूब आणि फॅब्रिक पेंटच्या तीन-चार बाटल्या. पुण्यात असाल तर रविवार पेठ आणि बोहरी आळीच्या एका चकरेत सगळं होतं, मुंबईत कापडाला मंगळदास मार्केट आणि बाकीचं क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास.

आधी लेन्स ओळखा, मग माप घ्या

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण कव्हर दिसायला कसंही झालं तरी चालेल पण फिटिंग चुकलं तर ते काढूनच ठेवावं लागतं.

टेलिफोटो झूम दोन जातीच्या. एक, झूम केल्यावर लांब होणारी, निकॉन २००-५००, टॅमरॉन आणि सिग्माची १५०-६००, कॅननची १००-४०० वगैरे. दुसरी, लांबी तेवढीच राहणारी, आतल्या आत झूम होणारी, सोनी २००-६०० किंवा निकॉनची झेड १८०-६००. दुसऱ्या जातीला काम सोपं. पहिल्या जातीत बाहेर येणारी आतली नळी असते तिला कधीच कापड लावायचं नाही, ती आत जाताना कापड अडकेल, धागे आत जातील, आणि मग सर्व्हिस सेंटर. तिथे पुढच्या भागाचा तुकडा वेगळा आणि मागच्या भागाचा वेगळा, मध्ये जे उघडं पडेल ते पडू द्या.

आता लेन्स झूम पूर्ण आत घेऊन टेबलावर आडवी ठेवा, खाली टॉवेल, दोन्ही कॅप लावलेल्या. समोरून मागे सगळे भाग कागदावर लिहून काढा: हूड (पुढचं ऊन अडवणारं टोपण), पुढची नळी, झूम रिंग, फोकस रिंग, बटणांचं पॅनल, ट्रायपॉड कॉलर (लेन्स ट्रायपॉडला जोडायचं कडं), माउंटकडचा म्हणजे कॅमेऱ्याला जोडतो तो शेवटचा भाग. जे फिरतं त्याचा तुकडा वेगळा, जे फिरत नाही त्याचा वेगळा. दोन भाग जोडून एकच लांब खोळ शिवायचा मोह होतो, नका करू, रिंग फिरवली की सगळं पिळवटतं.

घेर मोजायला व्यास गुणिले ३.१४ करता येतं. निकॉन २००-५००चा सगळ्यात जाड भाग १०८ मिलिमीटर आहे म्हणजे घेर साधारण ३४ सेंटिमीटर, पण लेन्स सगळीकडे तेवढीच जाड नसते, मध्येच निमुळती होते. म्हणून सरळ कागद गुंडाळा. वर्तमानपत्राची पट्टी त्या भागाभोवती घट्ट लपेटा, मास्किंग टेप फक्त कागदावर कागद चिकटेल अशी लावा, लेन्सला नको, आणि मग अंगठ्याने भागाच्या कडेवरून दाबत जा म्हणजे कागदावर घडी उमटते, त्या घडीवर पेन्सिल फिरवा. बटणं, अंतराची खिडकी, झूम लॉक, कॉलरचा स्क्रू, हूडचं बटण असेल तर ते, सगळं असंच दाबून उमटवा. कागद सोडवला की तुमचा साचा तयार. निमुळत्या भागाचा साचा सरळ पट्टी न येता किंचित कमानीसारखा वाकलेला येतो, बरोबर आहे ते, सरळ करायला जाऊ नका. कात्री आणि ब्लेड लेन्सजवळ आणायचंच नाही, कापाकापी दुसऱ्या टेबलावर.

प्रत्येक साच्यावर नाव आणि समोरची बाजू दाखवणारा बाण लिहा, कारण सगळे तुकडे टेबलावर पसरले की हूड कुठला आणि कॉलर कुठली ते कळत नाही. लांबीत दोन्ही बाजूंनी २-२ मिलिमीटर कमी करा, म्हणजे शेजारचे तुकडे एकमेकांवर चढणार नाहीत.

कापड रंगवणं, शिवायच्या आधी

मांजरपाट आधी रात्रभर भिजवून वाळवा, कोरं कापड आटतं, शिवल्यावर आटलं तर कव्हर चढणारच नाही. मग मूळ रंग. चहा पावडर भरपूर उकळून गाळून घ्या, तुरटीचा छोटा खडा टाका, त्यात कापड तासभर ठेवा, वाळक्या गवताचा रंग येतो. डाळिंबाच्या सालीने पिवळसर खाकी येतो आणि त्या पाण्यात गंजलेले खिळे भिजवलेलं पाणी थोडं घातलंत तर तो हिरवट-राखाडीकडे झुकतो, थोडंच हां, लोखंड जास्त झालं तर कापड विरतं. हळद नको, उन्हात महिन्याभरात उडते. एवढी खटपट नको असेल तर दुकानातून सरळ खाकी सुती कापड आणा, चालेल.

मूळ रंग वाळला की डाग. इथे नवशिक्यांचा हात बारीक डिझाइनकडे जातो, पानं काढत बसतात. पन्नास फुटांवरून बारीक डाग एकमेकांत मिसळून एकच सपाट रंग दिसतो. मोठे डाग हवेत, तळहाताएवढे, वेडेवाकडे, आणि ते लेन्सच्या कडेला आडवे कापत जाणारे, कारण आपल्याला तोडायची आहे ती लांबट सरळ रेघ. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा फाडून घ्या, पेंट जवळजवळ कोरडा ठेवून थोपटा. दोन फिके, एक मध्यम, एक गडद एवढे रंग बास, काळा वापरू नका, गडद तपकिरी वापरा, निसर्गात सावलीसुद्धा क्वचितच काळी असते. माळावर जाऊन मूठभर गवत, एक-दोन दगड आणि थोडी माती आणून समोर ठेवून रंग मिसळा, फोटो बघून करू नका, मोबाइलचा स्क्रीन रंग खोटे दाखवतो.

एक दिवस वाळू द्या, मग उलट्या बाजूने इस्त्री फिरवा म्हणजे रंग पक्का होतो. हे सगळं अस्तर चिकटवायच्या आधीच, ईव्हीए फोमवर इस्त्री लागली तर तो वितळतो.

कापणं आणि शिवणं

कापडाचा तुकडा साच्यापेक्षा चारही बाजूंनी एक सेंटिमीटर मोठा कापा, दुमडायला. शिवाय घेराच्या एका टोकाला ३ सेंटिमीटर जास्त, व्हेल्क्रो एकावर एक यायला. फोम साच्याएवढाच. फेविबॉण्ड दोन्ही बाजूंना पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की मग दाबा, ओलं असताना दाबलं तर पकडत नाही. खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो. आणि चिकटवलेला तुकडा पूर्ण एक दिवस उघड्यावर ठेवल्याशिवाय लेन्सवर चढवू नका, त्या वाफा लेन्सच्या काचेजवळ आणि रबराजवळ नकोत.

मग जास्तीची कड फोमवर दुमडून शिवा. मशीन असेल तर लांब टाका ठेवा, बारीक टाक्याने फोम तिकिटासारखा फाटतो. मशीन नसेल तर हाताने धावदोरा घातला तरी भक्कम होतं, कडा तेवढ्या दुहेरी घाला. बटणांच्या जागी खिडकी कापताना आधी छोटी कापा, लेन्सवर धरून बघा, मग वाढवा.

व्हेल्क्रो लावताना लक्ष द्या. त्याची एक बाजू खरखरीत असते आणि एक मऊ. खरखरीत बाजू खालच्या टोकावर, तोंड बाहेर करून, आणि मऊ बाजू वरच्या टोकाच्या आतून. उलटं केलंत तर पट्टी थोडी सरकली तरी खरखरीत बाजू लेन्सच्या रंगावर घासत राहते, आणि ओरखडे टाळायला केलेलं कव्हरच ओरखडे पाडतं. जोड लेन्सच्या खालच्या बाजूला, ट्रायपॉड फूटच्या रेषेत आणा, वरून सलग दिसतं. फील्डवर जो तुकडा वरचेवर काढावा लागेल, म्हणजे शक्यतो हूडचा, त्याला व्हेल्क्रो लावू नका. शांत माळावर व्हेल्क्रो सोडल्याचा तो चर्रर आवाज टिटवीला पुरतो, आणि टिटवी ओरडली की सगळा माळ सावध होतो. तिथे दोन्ही कडांना नेफा करून त्यात इलॅस्टिक ओवा.

निओप्रीन वापरणार असाल तर हिशोब वेगळा, ते ताणून बसतं म्हणून घेरापेक्षा साधारण ५ टक्के कमी कापा, ३४च्या घेराला सव्वाबत्तीस वगैरे. कडा एकमेकींना भिडवून चिकटवा आणि वरून हाताने आडवेतिडवे टाके घाला. मशीनची सरळ शिलाई ताणल्यावर तुटते, झिगझॅग असेल तर चालेल. नीकॅपची नळी मात्र घेर जुळला तर नुसती कापून चढवली की झालं, रंग काळा असतो म्हणून वरून तेच फॅब्रिक पेंटचे डाग द्या, थोडे भेगाळतात, अधूनमधून परत मारावे लागतात.

झूम रिंग आणि फोकस रिंगबद्दल माझं मत असं की पहिल्या कव्हरला त्या उघड्याच ठेवा. रबर तसंही मॅट असतं, आणि त्यावरचं कव्हर जरा जरी सैल असलं तर हात फिरतो आणि रिंग जागच्या जागी, तेवढ्यात शिक्रा गेलेला असतो. पुढे हात बसला की फक्त निओप्रीनचा घट्ट तुकडा करा, सुती कापडाचा नाही.

हूड

हूडचा तुकडा पुढच्या कडेपाशीच थांबला पाहिजे, एक मिलिमीटरही पुढे नको, नाहीतर फोटोच्या कोपऱ्यात सावली येते. आतल्या बाजूला काहीही चिकटवू नका, आतला काळा मॅट भाग प्रकाश शोषायलाच असतो. हूड उलटा लावून बॅगेत ठेवायची सवय असेल तर तो पुढच्या नळीवर चढतो, तिथे तुम्ही फोम लावलाय, त्यामुळे तो चढणार नाही, म्हणून तेवढ्या पट्ट्यात फोम न लावता नुसतं कापड ठेवा किंवा तो भाग मोकळाच सोडा. काही जण हूडला गोणपाटाच्या झिरमिळ्या बांधतात, दिसतं भारी, पण तरटाचे तंतू सुटतात आणि पुढच्या काचेवर जाऊन बसतात. झिरमिळ्या हव्याच असतील तर ट्रायपॉड कॉलरच्या आसपास, तेही त्याच रंगवलेल्या मांजरपाटाच्या चिंध्या.

चढवून तपासणं

सगळे तुकडे लावा आणि कॅमेरा चालू करून एकेक गोष्ट करून बघा. झूम या टोकापासून त्या टोकापर्यंत, मॅन्युअल फोकस पूर्ण फेरा, कॉलर सैल करून उभा-आडवा, प्रत्येक बटण डोळे मिटून बोटाने सापडतंय का, लेन्स बॉडीवरून काढताना माउंटपाशी कापड मध्ये येत नाहीये ना. माउंटच्या कडेला रबराची पातळ रिंग असेल तर ती पूर्ण मोकळी राहिली पाहिजे, पाऊस-धूळ तीच अडवते.

मग बाहेर. लेन्स झुडपाजवळ किंवा गवतात ठेवा, पन्नास फूट मागे या, गुडघ्यावर बसा आणि मोबाइलने फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा. रंग गेले की फिकट-गडदचा खेळ उघडा पडतो, लेन्स आजूबाजूच्या गवतापेक्षा गडद ठोकळा दिसत असेल तर फिके डाग वाढवा. सकाळी आठच्या तिरप्या उन्हात आणि ढगाळ वेळेला असं दोन्ही बघा.

पावसाळा आणि देखभाल

हे कव्हर पावसासाठी नाही हे ध्यानात असू द्या, रेन कव्हर वेगळं लागतं. उलट ओलं झालेलं कापड लेन्सला चिकटून राहिलं तर आपल्या हवेत बुरशीला आमंत्रणच आहे, कोकणात तर विचारूच नका. फील्डवरून आलात की कव्हर काढा, लेन्स कोरड्या कापडाने पुसा, कव्हर वेगळं वाळवा. जून ते सप्टेंबर लेन्स कपाटात ठेवताना कव्हर चढवून ठेवूच नका, सिलिका जेलच्या डब्यात लेन्स एकटी ठेवा.

धुताना थंड पाणी, साधा साबण, हाताने, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळवा. व्हेल्क्रोत गवताची कुसळं अडकतात ती जुन्या टूथब्रशने काढा. आणि साचे फेकू नका, पुठ्ठ्यावर उतरवून लेन्सचं नाव लिहून ठेवा, पुढच्या जुलैत त्याच मापावर हिरवं कव्हर लवकर होतं.